हत्ती मीच दिला होता

लेकीला अभ्यासाचं टेबल हवं होतं. पाचवीत गेल्यापासून ती मागत होती, आणि तिचं म्हणणं रास्तच होतं. जेवणाच्या टेबलावर आजीची औषधं, लोणच्याची बरणी, मटारच्या शेंगांची परात, या सगळ्यातून वही पसरायला जागा काढून तिला गणितं सोडवावी लागत. पण टेबल मावेल असा घरात एकच कोपरा होता, खिडकीखालचा, आणि तो तिच्या खेळण्यांनी भरलेला होता.

आम्ही मुरारला राहतो. तीन खोल्या, दुसरा मजला. मी, लेक आणि सासूबाई. नवरा नोकरीसाठी भोपाळला असतो, पंधरा दिवसांनी एकदा येतो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझं माहेर याच शहरातल्या लष्कर भागात, दाना ओली नावाच्या गल्लीत. त्या जानेवारीत थंडी इतकी वाढली की शाळांना सुट्टी जाहीर झाली, आणि लेक दोन दिवस माझ्या आईकडे राहायला गेली. ती नसतानाच कोपरा रिकामा करायचा, असं मी ठरवलं. ती असती तर एकेक वस्तू हातात घेऊन बसली असती, दिवस गेला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिला विचारायचंच नव्हतं. विचारलं की ‘नाही’ ऐकावं लागतं.

रविवारी दुपारी मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन बसले. ठोकळे निघाले, त्यातले निम्मे हरवलेले. डॉक्टरचा संच, त्याच्या स्टेथोस्कोपची नळी तुटलेली. कात्रीने केस कापलेल्या दोन बाहुल्या. तुकडे जुळवून चित्र करायचे तीन खोके, तिन्हींत काही ना काही कमी. प्लास्टिकच्या भातुकलीतला कुकर, झाकण नसलेला. हे सगळं दीदींना द्यायचं होतं. दीदी म्हणजे आमच्याकडे सहा वर्षांपासून झाडू-पोछा आणि भांडी करणाऱ्या बाई. सासूबाईंपासून लेकीपर्यंत आम्ही सगळेच त्यांना दीदी म्हणतो. त्यांची धाकटी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

भरून झाल्यावर मी पिशव्यांकडे पाहिलं आणि मला लाज वाटली. त्या लाजेचं तेव्हाच ऐकलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. आपण कचरा भरला आहे हे कुणालाही दिसलं असतं. अर्ध्या वस्तू तिथेच फेकून द्यायच्या आणि उरलेल्या चार नीट पुसून द्यायच्या, इतकं साधं काम होतं. ते न करता मी पुस्तकांच्या कपाटामागे हात घातला, तिथे पडलेला निळा हत्ती ओढून काढला, झटकला आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. वर एक चांगली वस्तू दिसली की खालचं खपून जातं.

हत्ती कापडी होता, इथे दर हिवाळ्यात भरणाऱ्या मेळ्यातून आणलेला. लेक तेव्हा तीन वर्षांची असेल. आठ वर्षांची होईपर्यंत ती त्याचा कान दोन बोटांत चोळत झोपायची, त्यामुळे तो एक कान झिजून पातळ झाला होता. गेल्या वर्षभरात तिने त्याला हात लावला नव्हता, हे खरं. पण तो त्या कुकरसारखा किंवा ठोकळ्यांसारखा नव्हता, हेही मला ठाऊक होतं. देताना ठाऊक होतं. चुकून गेला, गडबडीत गेला, असं म्हणायची सोय मी पुढे करून घेतली, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

सासूबाई दारात उभ्या होत्या. “हत्तीपण?” त्यांनी विचारलं.

“आता कुठे खेळते ती,” मी म्हटलं.

त्या शाल सावरत आत गेल्या.

सोमवारी सकाळी दीदींना पिशव्या दिल्या. त्यांनी हत्ती उचलला, उलटसुलट करून पाहिला. “भाभी, ये तो एकदम अच्छा है। बिटिया को नहीं चाहिए?”

“बड़ी हो गई है अब,” मी म्हटलं.

त्या इतक्या मनापासून हसल्या की दिवसभर मला फार छान वाटत राहिलं. लॅबमध्ये मैत्रिणीला मी सांगितलंसुद्धा, की मुलांच्या वस्तू वेळेवर दुसऱ्यांच्या मुलांना दिल्या पाहिजेत, साठवून काय करायचं. रिकाम्या कोपऱ्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

लेक परत आली तोवर टेबल लागलं होतं. ती खूश झाली. पेनं मांडली, वह्या मांडल्या, दिवा लावून पाहिला. खेळणी कुठे गेली म्हणून विचारलं, मी म्हटलं दीदींच्या मुलीला दिली, तर म्हणाली, “ठीक है।” माझा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी, बुधवारी, तिला माझ्या फोनवर तिच्या दोन मैत्रिणींचे फोटो दिसले. दोघींच्या आयांनी ग्रुपवर टाकले होते. दोघी मेळ्याला गेल्या होत्या, पाळण्यात बसल्या होत्या, पापड खात होत्या. तिघींनी मिळून जायचं ठरलं होतं आणि हिला कुणी बोलावलंच नव्हतं. तिने फोन खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने वस्तू सरकवल्याचा आवाज यायला लागला. मी गेले तर ती कपाटामागे हात घालून उभी होती.

“आई, माझा हत्ती कुठेय?”

खरं उत्तर द्यायला पाच शब्द पुरले असते. मी म्हटलं, “असेल इथेच कुठेतरी.”

आणि मग मी तिच्याबरोबर हत्ती शोधला. कपाटाच्या वर पाहिलं. गाद्यांच्या खणात पाहिलं. पलंग भिंतीला लागून होता, तो मी दोन्ही हातांनी ओढून सरकवला आणि गुडघ्यांवर बसून खाली वाकून पाहिलं. तीही माझ्या शेजारी वाकली. खाली एक मोजा होता आणि धूळ होती. “नाहीये,” ती म्हणाली, आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. मैत्रिणींसाठी आवरून धरलेलं सगळं रडू त्या हत्तीच्या नावाने बाहेर आलं.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, “त्या पिशव्यांमध्ये चुकून गेला असेल बाई. दीदींनी झाडताना उचलून टाकला असेल आत.”

तिने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. “दीदीने? बिना पूछे?”

“मुद्दाम नाही गं. चुकून.”

“मतलब चुराया?”

“असं नाही म्हणायचं,” मी म्हटलं. ‘असं नाहीये’ म्हणाले नाही. ‘असं नाही म्हणायचं’ म्हणाले. या दोन्हींतला फरक मला तेव्हाही कळत होता.

मग मी तिला म्हटलं, चल, चॉकलेटच्या कुकीज करू. हा आमच्या घरातला हमखास उपाय आहे. ताप उतरला की, पेपर वाईट गेला की, बाबांची सुट्टी रद्द झाली की आम्ही कुकीज करतो. थंडीने लोणी दगडासारखं झालं होतं. ते मी गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून मऊ केलं. लेकीने त्यात तपकिरी साखर घालून लाकडी चमच्याने फेटलं, आधी नाक ओढत ओढत आणि मग जोर लावून. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, म्हणून मी दोन चमचे घट्ट दही घालते. मैदा, कोको, चिमूटभर मीठ, सोडा असं सगळं तिने स्वतः चाळलं. चॉकलेटची वडी मी सुरीने चिरली आणि मोठे तुकडे मुद्दाम तिच्यासमोर ठेवले. तिने दोन तोंडात टाकले, बाकीचे पिठात.

ओव्हन तापल्यावर ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि काचेला न लावता दोन्ही हात शेकत राहिली. आत गोळे हळूहळू पसरले, वरून तडकले. घरभर वास सुटला. सासूबाई शाल गुंडाळून आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “छान वास येतोय.” पहिल्या कुकीज अजून मऊ होत्या, हातात घेतल्या की मोडत होत्या, लेकीने फुंकर मारून तशाच खाल्ल्या, हनुवटीला चॉकलेट लागलं. चौथ्या कुकीनंतर ती हसली. मैत्रिणींबद्दल बोलली, एकीला नावंही ठेवली. मला वाटलं, निभावलं. मी स्वतःही तीन खाल्ल्या. उत्तम झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीदी आल्या. मी सिंकपाशी होते, सासूबाई खिडकीत उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. लेक आतून आली आणि सरळ दीदींसमोर उभी राहिली.

“दीदी, आप मेरा हाथी ले गईं?”

दीदींचा झाडू थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तेवढ्यात मी बोलू शकले असते. मी नळ सोडला. सिंकमध्ये घासण्यासारखं एकही भांडं नव्हतं.

“हाँ बिटिया,” दीदी म्हणाल्या. “थैले में चला गया होगा। कल ले आऊँगी।”

“पूछना चाहिए था न।”

“गलती हो गई।”

झाडू पुन्हा सुरू झाला. लेक आत निघून गेली. दीदी दुसऱ्या खोलीत गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, “तू दिलास ना तो? मी तर पाहिलं होतं.”

“आई, आत्ता नको.”

“मग केव्हा?”

दीदींना आमचं मराठी पूर्ण समजतं. तेव्हा इकडच्या चार मराठी घरांत त्या काम करायच्या. झाडूचा आवाज शेजारच्या खोलीतूनच येत होता, आणि त्या क्षणी तो थांबला होता की नाही हे मला आजही नक्की आठवत नाही.

मी एका डब्यात सहा कुकीज भरल्या. “बच्ची के लिए,” असं म्हणून त्यांच्या पिशवीशेजारी ठेवला. “रख दो भाभी,” त्या म्हणाल्या. त्या गेल्यानंतर पाहिलं, तर पिशवी गेली होती आणि डबा तिथेच होता.

शुक्रवारी त्या हत्ती घेऊन आल्या. तो धुतलेला होता. सोंड जिथे उसवली होती तिथे लाल दोऱ्याने बारीक टाके घातले होते. त्या थंडीत तो वाळलाच नव्हता, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. त्यांनी तो लेकीच्या नव्या टेबलावर ठेवला. लेकीने उचलला, म्हणाली, “गीला है,” आणि खिडकीच्या गजाला टांगून दिला. दीदींना ती थँक यू म्हणाली नाही. एरवी पाण्याचा ग्लास दिला तरी म्हणते.

मला वाटलं होतं, हत्ती आला म्हणजे झालं. पण शनिवारी सकाळी मी लॅबला निघताना केस विंचरत होते, आणि आरशात मला मागची खोली दिसली. दीदी वाकून टेबलाखालून झाडू फिरवत होत्या. लेक दारात उभी होती. काही करत नव्हती, नुसती उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिची नजर दीदींच्या हातांवर होती. दीदींनी झाडण्यासाठी रंगपेटी उचलून बाजूला ठेवली, तर ती पुढे झाली आणि रंगपेटी आपल्याकडे घेतली. दीदींनी मान वर केली नाही.

मला आठवतं, मी कंगवा केसांतच ठेवून उभी राहिले. माझी मुलगी, दहा वर्षांची, सहा वर्षं ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळली त्यांच्यावर पहारा देत होती. ते तिला मी शिकवलं होतं. मी एका दुपारच्या अडचणीतून सुटायला म्हणून एक वाक्य बोलले होते, आणि ते तिने खरं मानून वापरायला घेतलं होतं.

त्या दिवशी लॅबमधून लवकर निघाले. लेक टेबलाशी चित्र काढत होती. मी पलंगावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. हत्ती दीदींनी नेला नव्हता. मी दिला होता. मला माहीत होतं की तो तुझा आवडता आहे, तरी दिला. आणि मग तुझ्याशी खोटं बोलले.

मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल. तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “पण तू माझ्याबरोबर शोधत होतीस.”

“हो.”

“पलंग सरकवलास तू. खाली वाकून पाहिलंस.”

“हो.”

“तुला माहीत होतं तिकडे नाहीये?”

“हो, माहीत होतं.”

मी हत्ती दिला हे तिला समजत होतं, एक वेळ खोटं बोलले तेही. पण तो पलंग सरकवणं तिच्या डोक्यात बसत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं. मी उठले, कारण मला तिथे बसवेना, आणि स्वयंपाकघरात जाऊन मैद्याचा डबा काढला. फ्रीजमधून लोणी काढत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

“आई, आज कुकीज नको.”

मी लोणी परत आत ठेवलं.

ती संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. आजीजवळ बसून राहिली. जेवताना मात्र एकदम म्हणाली, “मी दीदीला सॉरी बोलणार आहे. पण आधी तू बोल. माझ्या समोर.”

सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, “बरोबर आहे.”

रविवारी दीदी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, दोन मिनिटं बसा. त्या कधी खुर्चीवर बसत नाहीत. त्या दिवशीही बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग मीही उभी राहिले. मी हिंदीत माफी मागितली. हत्ती मी दिला होता, तुम्ही विचारलंसुद्धा होतं, आणि मी तुमच्यावर ढकललं. माझा आवाज मलाच परका वाटत होता, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. लेक शेजारी उभी होती. ती म्हणाली, “सॉरी दीदी, मैंने आपको गलत समझा,” आणि पुढे जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. दीदींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुमने क्या किया बिटिया, तुम्हें तो जो बताया वही पूछा तुमने।”

लेक आत गेल्यावर मी विचारलं, “आपने मना क्यों नहीं किया?”

त्या भिंतीपासून सरळ झाल्या. “आप नल खोल के खड़ी थीं, भाभी। मैं क्या कहती? बिटिया से कहती कि तुम्हारी मम्मी झूठ बोल रही हैं? चार घर में काम करती हूँ। एक घर में चोर का नाम लग जाए तो चारों में लग जाता है। मैंने सोचा, गलती कह दो, बात यहीं ख़तम हो।”

मग त्या म्हणाल्या, “मेरी वाली दो दिन रोई। लिपटा के सोती थी उसको। मैंने कह दिया कि हाथी को अपने घर की याद आ रही थी।”

“मी, म्हणजे, मैं उसके लिए दूसरा...” मी सुरुवात केली.

“रहने दो,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “और भाभी, बाक़ी थैले में तो ज़्यादातर टूटा हुआ ही था। वो मैंने फेंक दिया। बुरा मत मानना।”

त्यांनी पोछ्याची बादली उचलली आणि बाथरूममध्ये पाणी भरायला गेल्या. सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. मी तिथेच उभी होते. इतकी वर्षं मी स्वतःला बऱ्यापैकी नीट वागणारी बाई समजत होते. कामवालीला आपल्याच कपात चहा देणारी, सणाला साडी देणारी, ‘आप’ म्हणणारी. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि ते सगळं मिळून त्या सकाळी नळ बंद करण्याइतकंही पुरलं नव्हतं.

लेकीने हत्तीचं काय केलं, असं मला माझ्या आईने विचारलं. हत्ती तिने ठेवला. एकदा मला विचारलं होतं, “मी तो दीदीच्या मुलीला देऊन टाकू का?” मी म्हटलं, तुझा आहे, तूच ठरव. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, “नाही देववत.” मला ते आवडलं. निदान ती खरं बोलली. त्याऐवजी तिने आपल्या खाऊच्या पैशांतून नवे खडू आणि चित्रांची वही आणली आणि स्वतःच दीदींच्या हातात दिली. त्यांनी ते घेतलं.

दीदी आमच्याकडे होळीपर्यंत राहिल्या. मग एके दिवशी सासूबाईंना म्हणाल्या की घराजवळच एक काम मिळालं आहे, इकडे यायला लांब पडतं. मी विचारलं, माझ्यामुळे तर नाही ना? “अरे नहीं भाभी, वो पास पड़ता है बस,” त्या म्हणाल्या. खरं असेल. त्यांचं घर खरोखरच लांब आहे. पण ते सहा वर्षं लांबच होतं.

गेल्या आठवड्यात मुरारच्या भाजीबाजारात त्या दिसल्या. हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या निवडत होत्या, बरोबर त्यांच्या शेजारची एक बाई होती. मला वाटलं, पुढे निघून जावं. पण त्यांनीच हाक मारली. बिटिया कैसी है, अम्माजी के घुटने कैसे हैं, सगळं विचारलं. मग त्या बाईला म्हणाल्या, “इनके यहाँ काम करती थी मैं। बहुत अच्छे लोग हैं।”

त्या बाईने मला नमस्कार केला. मीही हात जोडले. मान मात्र मला वर करता आली नाही.